सुधाताईंचा चौथा ट्रॅक

३ नोव्हेंबर, रविवार

आज भाऊबीज. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा सुधाताई आल्या नाहीत.

सकाळी साडेसातला त्यांचा एसएमएस आला. नणंदबाईंचे एसएमएस जुन्या तारांसारखे असतात. "येत नाही. तुम्ही बोलता, मी भिंत बघते. भिंती माझ्याही घरी आहेत."

श्यामने तो तीनदा वाचला. "रुसलीय," म्हणाला.

"अहो, रुसलेल्या नाहीत. त्यांना ऐकू येत नाही."

"मशीन आणून दिलंय ना? लावत नाही, त्याला कोण काय करणार!"

मशीन त्यांच्या ड्रॉवरमध्ये आहे हे खरं. चार माणसं एकदम बोलली की त्यातून नुसता कालवा येतो, असं त्या म्हणतात. आणि आमच्या घरात एका वेळी एकच माणूस कधी बोलतं? आधी उजवा कान गेला, दोन वर्षांत डावाही. दसऱ्याला आल्या तेव्हा सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होत्या, मग ताटाकडे बघायला लागल्या. ते माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

श्याम स्वतःच बराकपूरला ताईंच्या घरी जाऊन ओवाळून घेऊन आला. चारला परतला आणि बूट न काढता खुर्चीत बसून राहिला.

"पंधरा डिसेंबरचं विचारलं. नाही म्हणाली."

पंधरा डिसेंबरला त्याची पंच्याहत्तरी.

"रद्द कर, विजया. माझ्या लहानपणीचं एकच माणूस उरलंय. तीच नसेल तर मी कुणासमोर पाटावर बसू?"

बूट मीच काढले. रद्द करणार नाही, असं मनात म्हटलं. मोठ्याने म्हणायचं धाडस झालं नाही, कारण पुढे काय करायचं ते माहीत नव्हतं.

६ नोव्हेंबर, बुधवार

कपाटाच्या वरच्या कप्प्यातून केयूरच्या मुंजीची कॅसेट काढली. मे १९९४, कोलकात्यातल्या गार्डन रीचचं आमचं रेल्वे क्वार्टर. सुधाताईंच्या यजमानांनी, शरदरावांनी, तेव्हा सिंगापूरहून कॅमेरा मागवला होता आणि दोन दिवस तो खांद्यावरून उतरवला नव्हता. लष्करातले इंजिनिअर, कॅमेराही बंदुकीसारखा धरायचे.

चांदनी बाजारातल्या दुकानदाराने कॅसेट उलटसुलट केली, हुंगली, आणि म्हणाला, "बुरशी नाही, मासिमा. नशीब तुमचं." शनिवारी पेन ड्राइव्हवर देणार आहे.

९ नोव्हेंबर, शनिवार

पाहिली. दोन तास अकरा मिनिटं. दुपारची झोप गेली आणि मला काही वाटलं नाही.

सासूबाई चालताहेत, बोलताहेत. केयूर आठ वर्षांचा, चकोट केलेला, कान हे एवढे. श्यामचे केस! सुधाताई पन्नाशीच्या, मोत्यांच्या कुड्या घालून सगळीकडे एकदम. मी मात्र एका कोपऱ्यात शाल पांघरून बसलेय. मे महिन्यात कोलकात्यात शाल? नवी असेल, मिरवायची असेल. मला आठवत नाही.

शरदराव कुठेच दिसत नाहीत, कारण कॅमेरा त्यांच्याच हातात. फक्त आवाज. त्यांना जाऊन आठ वर्षं झाली, आणि आवाज असा की पलीकडच्या खोलीत आहेत.

आणि ताईंनी ही कॅसेट पाहिली तर त्यांना सगळे दिसतील, एक नवरा सोडून.

तिथेच सुचलं. सबटायटल्स.

ताई रोज दुपारी डीव्हीडीवर जुने सिनेमे बघतात, रिमोटवरचं सबटायटलचं बटण दाबून. मोबाइल, इंटरनेट, काही नको, डिस्क हवी. तर मुंजीची डिस्क करायची. मराठी ओळी ताईंसाठी, इंग्रजी नातीसाठी (आभाला मराठी कळतं, पण भराभर बोललेलं नाही) आणि बंगाली शिप्रादींसाठी, म्हणजे आमच्या विहिणीसाठी. बटण दाबत जा, भाषा बदलत जाईल. आधी ती ताईंना बराकपूरला नेऊन दाखवायची, आणि मग म्हणायचं, चला आता, पंधराला सगळ्यांबरोबर बघू.

केयूरला फोन केला.

"आई, डीव्हीडी? कुठल्या साली राहतेस? नेटवर टाक, लिंक पाठव."

"तुझ्या आत्याला लिंक पाठवतोस का तू?"

मग म्हणाला, "डीव्हीडी रायटर पाठवतो. लॅपटॉपला बाहेरून जोडायचा असतो."

१३ नोव्हेंबर, बुधवार

शिकतेय. फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे आणि फुकट ते पौष्टिक असल्यासारखं कडू आहे. प्रत्येक ओळीला दोन वेळा द्यायच्या: कधी उमटायची, कधी पुसायची. ताईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना पिवळं अक्षर बरं दिसतं, म्हणून पिवळं, काळ्या कडेचं. एका वेळी दोनच ओळी, निदान तीन सेकंद.

आज सकाळपासून चार मिनिटांची कॅसेट झाली. श्याम म्हणाला, "या वेगाने माझी शंभरी गाठशील."

१७ नोव्हेंबर, रविवार

मराठी निम्म्याच्या वर झालं.

एक गोष्ट मात्र करावी लागतेय. आमच्या घरातली माणसं फार तोंडाळ होती. शरदराव तर विचारू नका. कॅसेट सुरू होते तीच त्यांच्या आवाजात: "सुधे, पोट आत घे, देव्हारा झाकला!" आता हे पिवळ्या अक्षरांत, ऐंशी वर्षांच्या विधवा बाईपुढे? मी लिहिलं, "सुधा, थोडी बाजूला हो." मंत्र चालू असताना हे ओरडतात, "अहो भटजी, मालगाडी आहे का ही? जरा मेल करा!" मी लिहिलं, "भटजींचे मंत्रपठण चालू आहे." श्यामला म्हणतात, "मेव्हणे, सोवळं सांभाळा, सिग्नल पडतोय." तिथे "श्याम, तयार हो."

बोललेलं आणि लिहिलेलं यांत फरक असतोच. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर आधी कच्चं लिहून घ्यायच्या आणि मग फेअर कॉपी. फेअर कॉपीत शाईचा डाग चालत नसे. मला ती सवय आवडायची. अजून आवडते. ताईंना दुखेल असं काही त्यांच्या डोळ्यांपुढे जाऊ नये, एवढीच माझी इच्छा.

ग्रहमखाच्या दिवशीचा एक प्रसंगही बदलला. सासूबाई मला म्हणतात, पाट्यावर बस, पुरण वाटायचंय. (मिक्सरचं पुरण त्यांना चालत नसे.) तेवढ्यात सुधाताई मध्येच, सगळ्या बायकांसमोर: "तिला नको गं बसवूस. इंग्रजी शाळेतली मडम ती, पुरणात खडेच खडे निघतील! मी बसते." सगळ्या खो खो हसतात. मी लिहिलं, "विजयाला विश्रांती घेऊ दे. मी वाटते."

माझ्यासाठी नव्हे. मला काय त्याचं, तीस वर्षं झाली. आपण असं बोललो होतो हे ताईंना आता वाचून वाईट वाटू नये, म्हणून.

ती ओळ चार वेळा बदलून मग अशी बसली.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

पहिली डिस्क जाळली. (जाळणे हाच शब्द आहे.) इंग्रजी उत्तम. मराठीच्या जागी चौकोन. बंगालीच्या जागीही चौकोन. सगळी मुंज चौकोनांत बोलतेय.

फाँट बदलला तर चौकोन गेले, पण वेलांट्या आणि काने भलत्याच अक्षरांच्या गळ्यात. श्यामने मोठ्याने वाचून दाखवलं आणि स्वतःच इतका हसला की त्याला ठसका लागला. भाऊबीजेनंतर पहिल्यांदा हसला. त्या डिस्कचं एवढं तरी सार्थक झालं.

२३ नोव्हेंबर, शनिवार

उलगडलं! डीव्हीडीवर अक्षरं नसतातच. प्रत्येक ओळ म्हणजे एक चित्र असतं, सिनेमावर ठेवलेलं. मग मी आधीच प्रत्येक ओळीचं चित्र करून दिलं तर सॉफ्टवेअरला वेलांटी कळायची गरजच नाही. त्यासाठीही एक प्रोग्रॅम सापडला. सहाशे बारा ओळी, तीन भाषा. तो धाडधाड चित्रं काढत होता आणि मी शेजारी बसून मटार सोलत होते. सदुसष्टाव्या वर्षी इतका आनंद शोभतो का माहीत नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

शिप्रादी बंगाली तपासायला आल्या. केयूरची सासू असली तरी मला मैत्रीणच. माझ्या बंगालीतल्या चुका त्या पदराने पुसल्यासारख्या हळूच पुसतात. बिनदुधाचा लाल चहा घेत त्यांनी अर्धी कॅसेट पाहिली, आवाज आणि ओळी दोन्हींवर लक्ष ठेवून.

एकदम म्हणाल्या, "बेयान, एरा हाशछे केनो?"

विहीणबाई, हे लोक हसताहेत कशाला?

"म्हणजे?"

"तुम्ही लिहिलंय, मंत्र चालू आहेत. आणि सगळी माणसं पोट धरून हसताहेत. तुमच्यात मंत्रांना हसतात का?"

मी म्हटलं, आमच्यात घरगुती वातावरण असतं. त्यांनी मान हलवली, पण चहा संपेपर्यंत पडद्याकडे संशयाने बघत होत्या. बंगाली लोकांना प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

झाली! तिन्ही भाषा, बटणावर, सुबक. डिस्कवर माझ्या सर्वांत चांगल्या अक्षरात लिहिलं: चि. केयूरची मुंज. रविवारी बराकपूर.

१ डिसेंबर, रविवार

लिहावंसं वाटत नाही, पण लिहिते.

ताईंकडे अकराला पोचले. त्यांचा प्लेअर क्रोशाच्या रुमालाखाली असतो. डिस्क बघून खुर्ची पुढे ओढून बसल्या आणि चष्मा पुसला. मी वहीत लिहून दिलं: शरदरावांचं बोलणंही आहे, सगळं, पिवळ्या अक्षरांत.

त्यांनी ते वाचलं आणि रिमोट दोन्ही हातांत धरला.

चित्र आलं. पन्नाशीतल्या सुधाताई देव्हाऱ्यापुढे. खाली ओळ: सुधा, थोडी बाजूला हो.

त्यांनी थांबवलं. मागे नेलं. परत लावलं. पुन्हा मागे.

"हे कोण बोलतंय?" त्यांना स्वतःचा आवाज कळत नाही, म्हणून त्या फार मोठ्याने बोलतात.

मी लिहिलं: शरदराव.

"कोण हे सज्जन गृहस्थ? माझा नवरा नव्हे हा. एकोणपन्नास वर्षं संसार केला, 'थोडी बाजूला हो' म्हणणारा माणूस आमच्या घरात नव्हता." मग पडद्याला बोट लावून, "ही बघ मी. कशी हसतेय बघ. 'बाजूला हो' म्हटल्यावर बाई अशी हसते?"

मी पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"खरं काय म्हणाले ते? पोटावरून बोलले ना काहीतरी? नेहमी पोटावरून बोलायचे मेले."

मी मान डोलावली.

"आणि श्याम बघेल, केयूर बघेल, त्यांना ऐकू येईल. म्हणजे खरं ते ऐकणाऱ्यांना, आणि मला हे? मी बहिरी झाले, विजया. सोवळी नाही झाले."

चहा दिला. बिस्किटं काढली नाहीत. ताईंच्या घरी याचा अर्थ काय होतो ते मला ठाऊक आहे.

सियालदहपर्यंत गाडीत एक बाई मला दोनदा विचारत होत्या, तब्येत ठीक आहे ना.

२ डिसेंबर, सोमवार

श्यामला सांगितलं. मला वाटलं रागावेल. तो म्हणाला, "तू शरदरावांना सभ्य केलंस? मिलिटरीला जमलं नव्हतं ते!" आणि मग गंभीर होऊन, "विजया, तिच्याकडे त्यांचं दुसरं काय उरलंय गं."

दिवसभर मनात एकच. मी ताईंना जपत होते, आणि जपताना त्यांच्याच वाट्याचं काढून घेत होते. बाकी सगळ्यांना खरं बोलणं ऐकू येणारच होतं. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्याच ओळी पुसल्या. फेअर कॉपी!

डिस्क मात्र ताईंनी परत दिली नाही.

३ डिसेंबर, मंगळवार

एसएमएस. "उरलेली पाहिली. गुरुवारी वही घेऊन ये. पेन आण. पेन्सिल नको."

५ डिसेंबर, गुरुवार

आज मी इतकी हसलेय की बरगड्या दुखताहेत.

लॅपटॉप नेला होता. पद्धत अशी पडली: मी हेडफोन लावून एक वाक्य ऐकायचं, जसं आहे तसं वहीत लिहायचं आणि वही ताईंकडे सरकवायची. पहिलं वाक्य लिहिताना हात थांबला होता, पण लिहिलं. सुधे, पोट आत घे, देव्हारा झाकला.

ताईंनी वाचलं. वही तोंडापुढे धरली. थोडा वेळ मला त्यांचा चेहरा दिसला नाही. मग वहीआडून मोठ्याने आवाज आला, "पोट नव्हतंच! साडीला खळ जास्त झाली होती!"

त्यानंतर त्यांना आवरेना. मालगाडीचं वाचून टाळ्या पिटल्या. "भटजी खरंच पेंगत होते. ह्यांनी ओरडल्यावर दचकून दोन पानं पुढे गेले. केयूरची अर्धी मुंज झालीच नाहीये!" मी लिहायची, त्या भर घालायच्या. काही वाक्यं तर मी लिहायच्या आधीच सांगितली, अगदी शब्दाला शब्द. तेव्हा त्यांचे कान शाबूत होते आणि ते दोन दिवस त्यांनी जपून ठेवलेत.

मग पुरणाची जागा आली. ताईंनी हात वर केला.

"इथे तू लिहिलंस, विजयाला विश्रांती घेऊ दे. कशावरून?"

मी लिहिलं: खरं वाक्य बरं नव्हतं.

"काय होतं?"

त्यांना आठवत होतंच. पण माझ्याकडून लिहून हवं होतं. मी लिहिलं, मडम, खडेच खडे, सगळं. अक्षर नीट आलं नाही.

ताईंनी वाचलं आणि माझ्याकडे बघतच राहिल्या. "अगं वेडे, तुला ताप होता."

मी लॅपटॉपवरच्या थांबलेल्या चित्राकडे पाहिलं.

"दोनदा हात लावून पाहिला होता मी तुला. भर मे महिन्यात शाल घेऊन कुडकुडत होतीस. आईला ताप सांगितला असता तर 'आम्ही बाळंतपणातून उठून पुरणं वाटली' हे ऐकवून तुला बसवलंच असतं. पण पुरण बिघडेल म्हटल्यावर? बघ कशी लगेच उठवलीन तुला. पुरणापुढे तिला सून काय नि देव काय!"

शाल. म्हणजे ती मिरवायला नव्हती.

"तू तीस वर्षं हे मनात धरून बसलीस?"

मी लिहिलं: नाही.

ताईंनी ते "नाही" वाचलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. उठून बिस्किटांचा डबा आणला आणि उघडून माझ्या मांडीवरच ठेवला.

"पण गंमत बघ," बसता बसता म्हणाल्या, "तू खोटं लिहिलंस ते माझ्या मनातलं निघालं. तरी खोड ते. मी म्हणाले तेच लिही. मनातलं वेगळं लिहू." आणि जरा थांबून, "त्या तबकडीवर आणखी एक भाषा मावते का गं?"

मी लिहिलं: बत्तीस मावतात.

"बत्तीस काय करायच्यात! एक पुरे. त्यात मी सांगेन ते."

१० डिसेंबर, मंगळवार

तीन ट्रॅक पुन्हा केले. इंग्रजीत "पोट आत घे" लिहिताना सिस्टरांची आठवण झाली, पण लिहिलं. शिप्रादींना नवं बंगाली पाठवलं. त्यांचा फोन आला, त्या बोलू शकत नव्हत्या, नुसत्या हसत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "एखोन बुझलाम." आता कळलं.

आणि चौथा ट्रॅक. ताई रोज दहा-बारा एसएमएस पाठवताहेत. प्लेअरवर दिसणारी वेळ आणि पुढे वाक्य. "४२ मि. आईने मला चिमटा काढला. कॅमेऱ्यात दिसत नाही." "५५ मि. श्याम रडतोय. म्हणेल होमाचा धूर. होम विझला होता." "१ तास १० मि. हे बोलत नाहीयेत, म्हणजे जिलबी खाताहेत." मी जसंच्या तसं उतरवतेय. स्वल्पविरामसुद्धा माझा नाही.

श्यामने अजून विचारलं नाही, ताई येणार का. मीही ताईंना विचारलेलं नाही. विचारायची भीती वाटते.

१२ डिसेंबर, गुरुवार

एसएमएस. "तुमच्याकडे प्लेअर आहे का."

मी कळवलं, नाही.

"मग माझा आणावा लागेल. तो मी कुणाच्या हातात देत नाही. केयूरला रविवारी नऊला गाडी घेऊन पाठव."

श्यामला वाचून दाखवलं. म्हणाला, "अगं पण लॅपटॉपवर लागते की..."

"अहो, तुम्ही एक अक्षर बोलू नका," मी म्हटलं. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो नोलेन गूळ, म्हणजे हिवाळ्यातला खजुराचा नवा गूळ, आणायला बाजारात निघून गेला. दोन किलो घेऊन आला. दोन किलो!

१६ डिसेंबर, सोमवार, सकाळ

काल लिहायला वेळच नव्हता. आता सगळे झोपलेत, ताईसुद्धा. आतल्या खोलीत आहेत.

काल साडेदहाला गाडीतून उतरल्या त्या प्लेअर बाळासारखा पोटाशी धरून. श्याम खालीच जाऊन उभा होता. "दे इकडे," म्हणाला. त्या म्हणाल्या, "आधी पाया पड." पंच्याहत्तर वर्षांचा माणूस फुटपाथवर वाकला, आणि समोरच्या इस्त्रीवाल्यानेही हातातलं काम थांबवून पाहिलं.

औक्षण झालं. पंच्याहत्तर दिवे ताईंनीच लावले, काडी मला दिली नाही. सूनबाईने, पारमिताने, तिच्या पद्धतीने पायेश, म्हणजे तांदळाची खीर, केली होती, आमच्या पुरणपोळ्या होत्या. जेवताना सगळे एकदम बोलायला लागले आणि मला धाकधूक. ताई ताटाकडे बघत होत्या, पण गालात हसत होत्या. मला कळेना, कशाला.

जेवणं झाल्यावर प्लेअर जोडला आणि एक गोष्ट लक्षात आली, जी इतक्या आठवड्यांत माझ्या डोक्यात आलीच नव्हती. चार ट्रॅक आहेत, पण टीव्ही एक. एका वेळी एकच दिसणार.

"ठाम्मा, इंग्लिश लाव ना!" आभा म्हणाली. ती मला बंगालीतच आजी म्हणते.

"मी पाहुणी आहे," शिप्रादी म्हणाल्या, "आधी बांगला."

"बर्थडे माझा आहे," श्याम.

"बाबा, तुम्हाला तर ऐकू येतं!" केयूर.

रिमोट या हातातून त्या हातात. मी तिथे उभी, तीन भाषांची आई आणि तिघींची भांडणं. तेवढ्यात ताईंनी हात पुढे केला. त्यांना शब्द एकही ऐकू आला नव्हता, पण भांडण कशावरून आहे ते लहान मुलालाही कळलं असतं. रिमोट घेतला, बटण चार वेळा दाबलं. मग दुसरं बटण दाबलं आणि टीव्हीचा आवाज पार बंद केला.

"आवाज काय रोजच ऐकता," त्या म्हणाल्या. "आज वाचा."

पडद्यावर मुंज, मुकी. आणि खाली पिवळ्या अक्षरांत ताई.

आता अडचण ही की आभाला देवनागरी अडखळत वाचता येतं, पारमिताला आणि शिप्रादींना येतच नाही, आणि केयूरची एक ओळ वाचून होते तोवर दुसरी येते. म्हणून मी पुढे बसले आणि वाचायला लागले. मराठीत, मग बंगालीत, मग आभासाठी इंग्रजीत, एका दमात. "भटजी दोन पानं विसरले" आलं तेव्हा केयूर ओरडला, "म्हणजे माझी मुंज व्हॅलिड नाही?" "होम विझला होता" आलं तेव्हा सगळ्यांनी श्यामकडे पाहिलं, आणि तो म्हणाला, "धूर राहतो बराच वेळ," आणि आत्ताही त्याच्या डोळ्यांत तेच. मडम आणि खडेही वाचले मी, आणि त्याखालचं तापाचंही. पारमिताने माझा हात धरला. मी म्हटलं, अगं मला काही वाटत नव्हतं त्याचं. तिने हात सोडला नाही.

ताई टीव्ही बघतच नव्हत्या. त्यांना तो पाठ होता. माझ्या शेजारी बसून त्या माझ्या ओठांकडे बघत होत्या. आधी मला वाटलं, कौतुकाने. मग लक्षात आलं, तपासणी चालू आहे. मी काही बदलतेय का ते बघताहेत.

मातृभोजनाचं दृश्य आलं. मी केयूरला शेवटचा घास भरवतेय. खाली दोन ओळी उमटल्या आणि मी केयूरच्या कानांबद्दल काहीतरी बोलून पुढच्या वाक्यावर गेले.

पाठीत असा गुद्दा बसला की चष्मा नाकावर आला.

"गाळली!" ताई गरजल्या. "एक गाळली हिने. मागे ने रे केयूर."

केयूरने मागे नेलं. चित्र थांबवलं. सगळी ती पिवळी अक्षरं बघताहेत, निम्म्यांना वाचता येत नाहीत.

"वाच," ताई म्हणाल्या.

मी वाचलं. "अंगात ताप आहे, तरी विजया किती देखणी दिसतेय. हे ती वाचणार नाही."

"आता बंगालीत."

"ताई, पुरे ना..." मी वही शोधायला लागले. त्यांनी वही उचलून पाठीमागे टाकली.

मग बंगालीत वाचलं. "देखणी"ला मी साधा शब्द घातला, तो शिप्रादींनी बदलून त्याहून मोठा दिला आणि पुन्हा म्हणायला लावला. मग आभाकडे तोंड करून इंग्रजीत. ताई तिन्ही वेळा माझ्या ओठांवरून नजर न हलवता बसल्या होत्या. तिसऱ्यांदा झाल्यावर मान डोलावली, आणि मगच केयूरला म्हणाल्या, "हं, सोड आता पुढे."